मदत हवी आहे: बिगूल आणि मुकुट असलेला फौजी बिल्ला कुठल्या पलटणीचा? (रविवारच्या आत!)

कोथरूडकर७७
मामांकडे जुन्या फौजी बिल्ल्यांचा संग्रह आहे. रविवारी प्रदर्शन लावतोय, प्रत्येक बिल्ल्याखाली चिठ्ठी हवी. बाकीचे लागले, एकावर अडलोय. ऑफिसरचा आहे. बिगूल, वर मुकुट. फोटो जोडलाय. मोबाईलवर शोधलं तर इंग्लंडच्या चार-पाच पलटणी आल्या, त्यातली एकही जुळत नाही. जाणकारांनी पटकन सांगावं. ‘मामांनाच विचार’ असा सल्ला नको, त्यांनीच मला कामाला जुंपलंय.

फुकटचा_सल्लागार
फोटो दिसत नाहीये.
शिंग म्हणजे डाक. पोस्टाची निशाणी शिंगच असते. मामांना कुणीतरी पोस्टमनचा बिल्ला ऑफिसरचा म्हणून विकलाय.

निवृत्त_सुभेदार
डाकेचं शिंग वेटोळं असतं. दोरीला टांगलेला बिगूल असेल तर ती लाइट इन्फंट्री, म्हणजे हलकं पायदळ. ही मंडळी पांगून लढत, त्यामुळे हुकूम ढोलावर नाही, बिगुलावर. आमच्या मराठा लाइट इन्फंट्रीचाही बिगूलच. पण बिगूल अर्ध्या जगाचा आहे हो, एवढ्यावर काय सांगणार? दोरीच्या मधे आकडा आहे का? धातू कोणता? मागे काय आहे?

कोथरूडकर७७
मला तर फोटो दिसतोय. दोरीच्या मधे १०५ आहे, पण तो त्या ऑफिसरचा नंबर असणार म्हणून लिहिला नाही. धातू पांढरा, काळवंडलेला. मागे काही नाही.

तुतारी_एक्सप्रेस
बिगूल काय, तुतारी काय... निवडणुका लागल्या का परत? 😄

धागाराखण
राजकारण नको. पुढचा असा प्रतिसाद उडवला जाईल.

स्वयंपाकघरातून
काळवंडलं असेल तर चिंच-मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, मग रांगोळीने घासा. आमची समई दर दिवाळीला अशीच लखलखते.

निवृत्त_सुभेदार
अजिबात घासू नका! संग्राहक त्या काळपटपणाचेच पैसे मोजतो. घासलेल्या बिल्ल्याचं नक्षीकाम गुळगुळीत होतं आणि मग खरा-खोटा कळत नाही.

आणि १०५ हा माणसाचा नंबर नाही, पलटणीचा आहे. १९०३ साली तेव्हाचे सरसेनापती लॉर्ड किचनेर यांनी फौजेची नव्याने क्रमवारी लावली, तेव्हा मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या आकड्यात शंभर मिळवले. पाचवी झाली १०५ मराठा लाइट इन्फंट्री. १९२२ मध्ये पुन्हा फेरफार, तिची झाली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन. तिलाच ‘काली पाँचवी’ म्हणतात, अजून आहे. म्हणजे १०५ असेल तर बिल्ला १९०३ ते १९२२ मधला. यात वाद नाही.

मटण_स्ट्रीट
सुभेदारसाहेब, वाद आहे. १०५ आकडा काय, ठोकला की झाला. चोरबाजारात असे नवे ‘जुने’ बिल्ले मी ओंजळभर पाहिलेत. मामांनी कुठून घेतला?

जावळीचा_पाहुणा
आमचे पणजोबा ११७ मराठात होते. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकले होते. १९१६ च्या एप्रिलमध्ये कूत पडलं तेव्हा १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी तिथे होत्या. त्यांचा बिल्ला घरात कुणालाच सापडत नाही. कुणाकडे असेल तर सांगा.

कोथरूडकर७७
कूतचा वेगळा धागा काढा ना प्लीज. मामांनी पुण्याच्या जुन्या बाजारात घेतला, वीसेक वर्षं झाली. ‘मागे काही नाही’ म्हणजे दोन कड्या आहेत आणि बारीक छाप: जहाजाचा नांगर, चालता सिंह, एक अक्षर. शेजारी काहीतरी घासलेलं.

कोकणी_गलबत
नांगर!! मग हे आरमार. मराठ्यांचं आरमार म्हणजे कान्होजी आंग्रे. धागाकर्त्याने अलिबागला जाऊन चौकशी करावी.

मटण_स्ट्रीट
कान्होजी १७२९ ला गेले हो, १०५ पलटण १९०३ ची. नांगर हा बर्मिंगहॅमच्या चांदी तपासणी कार्यालयाचा शिक्का आहे. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग, साडेब्याण्णव टक्के शुद्ध चांदी. अक्षरावरून वर्ष निघतं, त्याचे तक्ते नेटवर मिळतात. घासलेलं बहुतेक बनवणाऱ्याचं नाव. भिंग घेऊन बघा: छाप ठोकलेला असेल तर कडा धारदार, ओतीव नक्कल असेल तर मऊ आणि बुजलेल्या.

निवृत्त_सुभेदार
आता खरा मुद्दा आला. शिपायाला सरकारी पितळ मिळे. शिक्क्याची चांदी म्हणजे ऑफिसरने स्वतःच्या पैशाने बनवून घेतलेला. त्या काळी पलटणीत सुभेदार-जमादार आपले, त्यांच्यावरचे जवळपास सगळे गोरे. त्यामुळे बिल्ला गोऱ्या साहेबाचा. चिठ्ठीवर कुणाच्या पणजोबांचं नाव घालू नका.

जावळीचा_पाहुणा
सुभेदार चांदीचा बिल्ला विकत घेऊ शकत नव्हता, हे कुठे लिहिलंय?

निवृत्त_सुभेदार
घेऊ शकत होता. तुमच्याकडे पावती असेल तर दाखवा.

लंडनचा_पाऊस
एवढा वाद कशाला? बिल्लाच इकडे पाठवा, जाणकाराला दाखवून कळवतो.

मटण_स्ट्रीट
असलं काही करू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. फोटो पाठवा, तेही पुढून-मागून आणि बाजूला पट्टी ठेवून. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरलाही लिहा, फौजी माणूस अशा पत्राला आवर्जून उत्तर देतो.

कोथरूडकर७७
रविवारपर्यंत बेळगावहून उत्तर येणार आहे का? भिंगातून बघितलं, कडा धारदार आहेत. चिठ्ठी अशी लिहिली: ‘१०५ मराठा लाइट इन्फंट्री, ऑफिसरचा चांदीचा बिल्ला, बहुधा १९०३ ते १९२२.’ मामा म्हणतात ‘बहुधा’ काढ, लोक हसतील.

निवृत्त_सुभेदार
मुकुटाबद्दल अजून सांगितलेलं नाही. कमानी वर गोल फुगीर असतील तर राजाचा मुकुट, १९०१ नंतरचा. मधे दबलेल्या असतील तर व्हिक्टोरियाचा, आणि त्यावर १०५ आकडा बसतच नाही, मग मटण स्ट्रीटवाले बरोबर.

मटण_स्ट्रीट
मी आधीपासून तेच सांगतोय. कमानी बघा, तोवर ‘बहुधा’ राहू द्या.