समस्या सोडवायला शिकवणाऱ्या कृतिपत्रिका दुसऱ्यांच्या वर्गात कशा तपासून पाहाव्यात?

खानापूरची शिक्षिका

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या उच्च प्राथमिक शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. गेल्या दोन वर्षांत मी बारा कृतिपत्रिका तयार केल्या आहेत. पाठातला नियम घोटून घेणे हा त्यांचा हेतू नाही. वाट आधी ठाऊक नसलेला प्रश्न समोर आला, तर मुलांनी लहान आकडे घेऊन पाहावेत, तक्ता मांडावा आणि आलेले उत्तर प्रत्यक्षात शक्य आहे का हे स्वतःच ताडून पाहावे, एवढीच अपेक्षा आहे. माझ्या वर्गात त्या छान चालल्या, म्हणून शेजारच्या गावातील एका शाळेत दिल्या.

चौथी पत्रिका अशी आहे : ‘स्पर्धेला आठ गावांचे कबड्डी संघ आले आहेत, तर एकूण किती सामने होतील?’ दोन संघ असले तर १ सामना, तीन असले तर ३, चार असले तर ६, असे मांडत मुलांनी २८ पर्यंत पोहोचावे, अशी माझी कल्पना होती. त्या शाळेतून ३१ पत्रिका भरून आल्या आणि सगळ्यांत २८ हेच उत्तर होते. मी खूश झाले. पुढच्या आठवड्यात त्याच मुलांना दुसरा प्रश्न दिला : संक्रांतीला दहा मैत्रिणींपैकी प्रत्येकीने बाकीच्या प्रत्येकीला तिळगुळाची एकेक वडी दिली, तर वड्या किती लागल्या? उत्तर ९० यायला हवे होते, पण बहुतेकांनी ४५ लिहिले. चौकशी केली तेव्हा कळले, की कबड्डीच्या तासाला पहिल्या पाच मिनिटांतच फळ्यावर सूत्र लिहून देण्यात आले होते. तेच सूत्र मुलांनी इथे लावले आणि दोघींमागे दोनऐवजी एकच वडी मोजली. गुरुजींचा हेतू चांगलाच होता, मुले अडू नयेत एवढाच.

आता या पत्रिका आणखी तीन शाळांत द्यायच्या आहेत. नेमके काय आणि कसे तपासावे?

निवृत्त प्रशिक्षक, बेळगाव

बाई, तुम्ही वड्यांचा प्रश्न विचारलात म्हणून निदान हे उघडकीला तरी आले. भरलेल्या पत्रिकेवरून मूल कुठे पोहोचले ते कळते, कसे पोहोचले ते कळत नाही. शिवाय तुमच्या वर्गात पत्रिका चालली याचा अर्थ तुम्ही स्वतः चाललात, इतकाच होतो. कागदावर नसलेले कितीतरी तुम्ही तोंडाने भरून काढत असता. म्हणून पहिली अट ही, की शिकवणारी व्यक्ती दुसरी असावी आणि तुम्ही मागच्या बाकावर तोंड मिटून बसावे. दर पाच मिनिटांनी एवढेच टिपावे : कोण बोलत आहे, मुले कशावर अडली आहेत, आणि पहिली सूचना कोणी, कोणत्या शब्दांत दिली. ही पहिली सूचनाच सगळ्यांत महत्त्वाची, कारण पुष्कळदा तिथेच प्रश्न संपतो आणि उदाहरण सुरू होते.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या शेल सेंटरने १९८४ मध्ये एका परीक्षा मंडळाबरोबर याच स्वरूपाचे साहित्य काढले होते. त्यात मुलांच्या पत्रिकांबरोबर शिक्षकांसाठी टिपणे आणि चित्रफितीही होत्या, आणि परीक्षेत येणाऱ्या नव्या प्रकारच्या प्रश्नाचे नमुने आधीच दिलेले होते. त्यांची रीत अशी, की आधी थोड्या वर्गांत बारकाईने निरीक्षण करायचे, साहित्य दुरुस्त करायचे आणि मगच ते जास्त शाळांत न्यायचे. तुम्ही उलट क्रमाने निघाला आहात असे वाटते. आधी एकच शाळा घ्या आणि तिथे तीनदा जा.

गुरुजींना दोष देऊन उपयोग नाही. सूत्र सांगायचे नाही तर काय बोलायचे, हे आपण त्यांना दिलेले नसते. पत्रिकेबरोबर एक छोटे कार्ड द्या, ज्यावर फक्त प्रश्न असतील : ‘तुला काय शोधायचे आहे?’, ‘संघ तीनच असते तर?’, ‘हे आधी कुठे पाहिले आहेस का?’ गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या, म्हणजे समजून घेणे, योजना करणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे, तुम्हाला माहीत असतीलच. त्यांचा तक्ता मात्र भिंतीवर लावू नका, मुले तोही पाठ करतात.

निपाणीचा गणितवाला

सरांचे सगळे म्हणणे मान्य आहे, पण मला मूळ प्रश्नातच खोट दिसते. आमच्याकडे यात्रेच्या कबड्डी स्पर्धा बाद पद्धतीने होतात. हरलेला संघ घरी गेला, तर आठ संघांत ७ च सामने होतात. तुमच्या पत्रिकेत ‘साखळी’ हा शब्द नाही. फळ्यावर सूत्र आले नसते, तर एखाद्या तरी मुलाने ७ लिहिले असते आणि ते बरोबरच ठरले असते. तुमच्या वर्गात हे तोंडी सांगितले गेले असणार.

भाषेचा आणखी एक पदर आहे. माझ्या वर्गात घरी कन्नड बोलणारी काही मुले आहेत. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’ म्हणताना वीस आधी. ‘एकोणतीस’ला तर तिसातून एक वजा करावा लागतो, ‘इप्पत्तोंबत्तु’ सरळ वीस आणि नऊ. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आले तेव्हा तिकडे केवढा गदारोळ झाला! आमच्या वर्गात ती अडचण रोजची आहे.) तोंडी प्रश्न विचारताना एखाद्याने ५२ चे २५ केले, तर त्याला विचार करता येत नाही, अशी नोंद होऊ नये. चाचणीच्या वेळी आकडे नेहमी लिहून दाखवावेत.

चिकोडीचा मास्तर

सल्ले चांगले आहेत, पण शेजारच्या शाळेत तीनदा जाऊन बसायला बाईंना रजा कोण देणार? अभ्यासक्रम पुरा करायचा, वर माहिती पाठवायची, मध्येच प्रशिक्षण. मला सोपा मार्ग वाटतो तो असा, की समूह केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांतील शिक्षकांच्या, बैठकीत आधी शिक्षकांनीच पत्रिका सोडवावी. आपण स्वतः अडलो की मुलांना किती वेळ द्यायचा हे आपोआप कळते. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यातही शिक्षकांनी प्रयोग आधी स्वतः करणे आणि मासिक बैठकांत वर्गातल्या अडचणी मांडणे यावरच भर होता.

माझी खरी शंका गुणांची आहे. मी मुलांना विचारले, की १८७ जणांची सहल मलप्रभेच्या उगमाला कणकुंबीला न्यायची आहे, एका गाडीत ४० जण बसतात, तर गाड्या किती? अमेरिकेत असाच एक प्रश्न तेरा वर्षांच्या मुलांना विचारला होता : ११२८ सैनिक, बसमध्ये ३६ जागा. १९८३ मध्ये छापलेल्या निकालानुसार २९ टक्के मुलांनी ‘३१, बाकी १२’ असे उत्तर दिले होते आणि ३२ बस हे बरोबर उत्तर फक्त २३ टक्क्यांनी दिले होते. माझ्याकडेही ‘४, बाकी २७’ भरपूर आले. पण एका मुलीने लिहिले, ‘चार गाड्या आणि एक टेम्पो, २७ जणांसाठी मोठी गाडी कशाला?’ माझ्या उत्तरसूचीत ५ होते. मी अर्धा गुण कापला, आणि अजून ते मनाला लागून राहिले आहे.

निवृत्त प्रशिक्षक, बेळगाव

मास्तर, चूक मुलीची नाही, सूचीची होती. या पत्रिकांना एकच उत्तर देणारी सूची नकोच. मुलांनी खरोखर लिहिलेल्या चार-पाच उत्तरांचे नमुने आणि त्यांवर शिक्षकाने पुढे काय विचारावे, हे द्यावे. ते नमुने चाचणीतूनच मिळतात, घरी बसून सुचत नाहीत. समूह केंद्राच्या बैठकीची सूचना मात्र उत्तम आहे. तरी बाईंनी एकदा तरी वर्गात बसायलाच हवे.

खानापूरची शिक्षिका

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मध्ये एका शनिवारी माझी सकाळची शाळा सुटल्यावर एका तिसऱ्या शाळेत जाऊन बसले. पत्रिकेत मुद्दाम काही बदलले नव्हते, फक्त प्रश्नांचे कार्ड बरोबर दिले होते. निपाणीच्या सरांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. तिसऱ्याच मिनिटाला एका मुलाने विचारले, ‘बाई, हरलेले परत खेळणार काय?’ तिथल्या बाईंनी कार्ड पाहिले, त्यावर याचे उत्तर नव्हते, आणि त्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी गप्प राहिले, आणि तेच सर्वांत अवघड गेले. शेवटी मुलांनीच दोन गट केले. एका गटाने ७ काढले, दुसऱ्याने तक्ता मांडून २८. मग दोन्ही बरोबर कसे, यावर उरलेला तास गेला.

त्यामुळे मी ‘साखळी’ हा शब्द घालण्याचा विचार सोडून दिला आहे. प्रश्न तसाच ठेवून, स्पर्धा कशी होणार हे मुलांनी आधी ठरवावे, अशी एक ओळ शिक्षकांच्या टिपणात घातली आहे. वड्यांची पत्रिका आठवी होती, ती पाचव्या जागी आणली आहे, म्हणजे कुठे सूत्र दिले गेले असेल तर लगेच दिसेल. मास्तर, तुमची हरकत नसेल तर टेम्पोचे उत्तर नमुन्यांत घेते. दसऱ्याच्या सुट्टीनंतरच्या समूह केंद्राच्या बैठकीत या दोन पत्रिका शिक्षकांकडून सोडवून घ्यायचे ठरले आहे.