मदत हवी आहे: लार्जमाउथ बास माशासाठी बारमाही एकच सॉफ्ट प्लास्टिक (मऊ प्लास्टिकचं नकली आमिष) कोणतं?

नमस्कार मंडळी. टेक्सासमधल्या लेक फोर्कसारख्या, पाण्यात उभी वाळकी झाडं असलेल्या तलावासाठी विचारतोय. बारा महिने एकच आकार वापरायचा तर माझा कल पाच इंची स्टिक वर्मकडे आहे, म्हणजे सेन्कोसारख्या मीठ भरलेल्या, गांडुळाच्या आकाराच्या आमिषाकडे. वजन न लावता सोडला की तो आडवा, थरथरत खाली जातो. वसंतात उथळ पाण्यात मधोमध हुक घालून, वॅकी पद्धतीने, याला तोड नाही. उन्हाळ्यात ३/० ऑफसेट (मानेशी वाकवलेला) हुक लावायचा, टोक प्लास्टिकमध्ये दडवायचं आणि पुढे ३/१६ औंसाचं बुलेट वजन. मग तोच वर्म फांद्यांतून फारसा न अडकता निघतो. गढूळ पाण्यात काळा-निळा, स्वच्छ पाण्यात ग्रीन पंपकिन, एवढे रंग पुरेत.

अडचण हिवाळ्याची आहे. पाणी १० अंश सेल्सिअसखाली गेलं की मासा सुस्तावतो आणि पाच इंच जास्त होतात. वर्म तीन इंचांवर कापून १/१० औंसाच्या मशरूम जिगहेडवर (वजनदार डोकं असलेल्या हुकवर) लावला, तर मिठाच्या वजनाने शेपटी तळाशी आडवी पडते. झी-मॅन कंपनीचं इलाझटेक हे लवचीक प्लास्टिक तरंगतं, त्यामुळे शेपटी उभी राहते, शिवाय ते सहज फाटत नाही. पण साध्या प्लास्टिकसोबत एका डब्यात ठेवलं तर वितळून चिकटतं.

मग हिवाळ्यापुरतं वेगळं पाकीट ठेवावं, की कापलेल्या वर्मवर भागतं? आणि वॅकीत ओ-रिंग (रबरी कडं) लावूनही वर्म निसटतो; त्याऐवजी हीट-श्रिंक नळीचा तुकडा जास्त टिकतो का?