मदत हवी आहे: मिलनीसाठी कागदाच्या चुण्यांचे हार

माझ्या भाचीचा विवाह पुढील महिन्यात पतियाळा येथे आनंद कारज म्हणजे शीख विवाहपद्धतीने होणार आहे. वरात गुरुद्वाराच्या दाराशी आली की अरदास (प्रार्थना) होते आणि मग दोन्हीकडचे आजोबा, वडील, काका, मामा नात्याच्या क्रमाने जोडीजोडीने पुढे येऊन एकमेकांना हार घालतात व कडकडून मिठी मारतात. याला मिलनी म्हणतात. आपली व्याहीभेटच, पण बरीच जोरकस. आमच्याकडून सात जण पुढे होणार असल्यामुळे सात हार करण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले आणि आता अडले आहे.

पंजाबात नवरदेवाला नोटांचा हार घालण्याची हौस आहे. कोऱ्या नोटेच्या बारीक चुण्या करून तिचे पंख्यासारखे फूल करतात आणि अशी फुले सोनेरी गोट्यावर, म्हणजे जरीच्या फितीवर, बसवतात. मला तेच रूप साध्या कागदात हवे आहे, कारण नोटांचे हार करू नयेत असे रिझर्व्ह बँकेचे आवाहन आहे आणि आमचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे नोटेला टाचणी लावलेलीसुद्धा त्यांना खपत नाही.

मी दहाच्या नव्या नोटेच्या मापाचे, म्हणजे १२३ बाय ६३ मिलिमीटरचे, घोटीव कागदाचे तुकडे कापले, प्रत्येकाला आखूड बाजूशी समांतर अशा पंधरा चुण्या घातल्या, मधोमध दोऱ्याने आवळले आणि दोन्ही टोके उलगडून कडा चिकटवल्या. फूल वाटोळे आणि देखणे होते. एका हाराला अशी चोवीस फुले मी दाभणाने दोऱ्यात ओवली.

मग दिरांच्या गळ्यात हार घालून यजमानांना मिठी मारायला लावली. छातीवरची फुले पापडासारखी चपटी झाली, दोन ठिकाणी दोऱ्याने कागद कापला, काही फुले उलटून कागदाची मागची पांढरी बाजू दिसू लागली आणि घामाने लाल रंग दिरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरला. मिठीनंतरही फुले उभी राहतील असा कागद कोणता, आणि ओवण्याची वेगळी रीत आहे का? (फुलांच्या मध्यभागी ‘इक ओंकार’ हे शिखांचे पवित्र चिन्ह छापावे असे एकीने सुचवले होते, हार शेवटी पायदळी येतात, म्हणून ते मी करणार नाही.)

प्रतिसाद:

ताई, तुमच्या फुलाचा व्यास ६३ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे १९८. मधोमध बांधल्यामुळे तुकड्याच्या दोन्ही लांब कडा त्या परिघावर येतात, म्हणजे २४६ मिलिमीटर कागद. एवढ्यात फूल पुरते होते, पण चुण्या ताणल्या जाऊन उथळ राहतात आणि दाबल्यावर परत उठत नाहीत. नोटेच्या मापाचा आग्रह सोडून रुंदी तीच ठेवावी व लांबी १८० करावी. चुण्या खोल होतील आणि फुलाला उसळी येईल. कागद दोन्ही बाजूंनी रंगीत असलेला, छपाईच्या कागदाहून किंचित जाड घ्यावा. आधी एक तुकडा फाडून पाहावा: ज्या दिशेने तो सरळ फाटतो, त्याच दिशेने घड्या पडल्या तर चुण्या मोडत नाहीत.

फुले दोऱ्यात मुळीच ओवू नयेत. दोन बोटे रुंद सुती पट्टी घेऊन प्रत्येक फूल तिच्यावर दोन टाक्यांनी शिवावे, म्हणजे ते उलटणार नाही, कागद कापला जाणार नाही आणि सदऱ्याला पट्टी लागेल, रंग नव्हे. तरीही छातीच्या टप्प्यात फुले न लावता नुसता गोटा ठेवावा, आणि खालचे मोठे पदक पोटापाशी येईल इतका हार लांब करावा. पंजाबी मिठीत कधीकधी व्याह्याला उचलूनही घेतात, म्हणून मानेमागचा जोड गाठीवर न ठेवता शिवून घ्यावा.