केतनची फायरप्लेस आणि कोळशाचा इन्सर्ट (घरच्या ग्रुपवरून)

केतन: मंडळी एक सल्ला हवाय, खास करून प्रकाशकाका आणि श्रीरंगदादा. पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरीचं घर ताब्यात आलं. १९२० च्या आसपासचं बांधकाम आहे, हॉलमध्ये विटांची मोठी फायरप्लेस, बाकी घराला तेलाचा बॉयलर आणि रेडिएटर. आधीच्या मालकाची तेलाची बिलं बघून स्नेहाने डोक्याला हात लावला. शेजारी म्हणतात फायरप्लेसमध्ये कोळशाचा इन्सर्ट बसवून टाक, म्हणजे पोकळीत सरकवायची लोखंडी भट्टी, पुढे काचेचं दार. एका दुकानात लाकडाचा इन्सर्ट छान दिसला, दुकानदार म्हणाला यात कोळसाही चालेल. घेऊन टाकू का?

आई: अरे घरात कोळसा? धूर किती होईल, ओवी लहान आहे अजून

प्रकाशकाका: वहिनी, आपल्याकडचा कोळसा डोळ्यासमोर आणू नका. जन्म गेला माझा वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीत. आपल्या वणी-चंद्रपूरच्या कोळशात जळणारा वायू भरपूर, म्हणून सिगडी पेटवली की आधी अंगणभर पिवळट धूर. केतनच्या भागात निघतो तो अँथ्रसाइट, त्यात ८६ टक्क्यांच्या वर निव्वळ कार्बन, वायू अगदी थोडा. धूर जवळपास नाहीच, ज्वाळ निळी आणि बुटकी. आपल्या देशात हा कोळसा नावालाच आहे, जम्मूकडे थोडासा

श्रीरंगदादा: केतन तो इन्सर्ट घेऊ नकोस. दुकानदार काहीही म्हणो. लाकडाला हवा वरून लागते आणि ते राखेच्या थरावरही मजेत जळतं. अँथ्रसाइटला हवा खालूनच पाहिजे, सगळीच्या सगळी, म्हणून खाली हलणारी जाळी हवी, जाळीखाली राखेचा ट्रे आणि त्याचं घट्ट बसणारं वेगळं दार हवं, आणि बाजूंनी अग्निविटा, म्हणजे सात-आठ इंच जाड थर रचता येईल. पातळ पसरलेला अँथ्रसाइट विझतोच. लाकडाच्या भट्टीत टाकलास तर एकतर पेटणार नाही, नाहीतर नको तिथे तापून लोखंड वाकेल. मॅन्युअलमध्ये अँथ्रसाइट हा शब्द छापलेला असेल तरच पुढचं बोल

श्रीरंगदादा: आणि दुकानात गेलास की जाळीचा दांडा स्वतः हलवून बघ. हेझलटनला आमच्याकडे रोज सकाळ-संध्याकाळ तेच काम असतं, दांडा छोट्या छोट्या झटक्यांनी हलवायचा, ट्रेमध्ये लाल निखारे पडायला लागले की थांबायचं. दांडा अडकत असेल किंवा जाळीच्या फटी कोपऱ्यापर्यंत पोचत नसतील तर कोपऱ्यात राख साचते आणि तिथून आग मरत येते. वरून सळई घालून ढवळायचं तर अजिबात नाही, लाकडाची सवय असलेले लोक तेच करतात आणि आग घालवतात

मृणालताई: मी जरा वेगळं बोलते, राग मानू नको केतन. आज नव्याने कोळसा बसवायचाच कशाला? तेवढ्याच उष्णतेमागे तेलापेक्षाही जास्त कार्बन डायऑक्साइड जातो त्यातून. आमच्याकडे इंग्लंडमध्ये धुराच्या घरगुती कोळशाची विक्री १ मे २०२३ पासून पूर्ण बंद झाली, अँथ्रसाइट चालतो हे खरं, पण धूर दिसत नाही म्हणजे काहीच जात नाही असं नाही ना

केतन: ताई राग कसला, आमच्या दोघांत यावरच चर्चा झाली. पोटमाळ्याचं इन्सुलेशन आधी करतोय ते ठरलंय, वरच्या खोल्यांना हीट पंप, म्हणजे विजेवर खोली गरम करणारं यंत्र, पुढच्या वर्षी. पण इथे बर्फाच्या वादळात लाइट जाते, तेव्हा बॉयलर पण बंद आणि हीट पंप पण बंद. त्यासाठी काहीतरी आगीचं हवंच आहे

मृणालताई: इन्सुलेशन आधी करतोयस मग ठीक. माझं मत तरी कमीत कमी जाळण्याचंच आहे, ते इथे लिहून ठेवते

श्रीरंगदादा: लाइटचा मुद्दा काढलास ते बरं केलंस. स्टोकर प्रकार असतो त्यात तांदूळ साइझचा बारीक कोळसा मोटरने आपोआप पुढे सरकतो, फार सोयीचा, पण लाइट गेली की बंद. तुला हाताने भरायचा घ्यावा लागेल, त्यात 'नट' किंवा 'पी' साइझ, म्हणजे तांदूळ साइझपेक्षा मोठे तुकडे. पण इन्सर्ट भिंतीत अर्धा गाडलेला असतो, ऊब खोलीत ढकलणारा त्याचा पंखा लाइटअभावी बंद पडला की मागची उष्णता विटांतच राहते. म्हणून जो पुढे चुलीच्या ओट्यावर सहा-आठ इंच बाहेर येतो तो बघ, पंख्याशिवायही थोडीफार ऊब देतो. पंख्यासाठी छोटी बॅटरी ठेव. आणि पोकळी खोल असेल तर माझा स्वतःचा कौल सुटा स्टोव्ह ओट्यावर ठेवून पाइप चिमणीत सोडण्याला आहे, जागा जाते खरी पण चारी बाजूंनी उष्णता मिळते

स्नेहा: दादा ओट्यावर सुटा नको, ओवी दिवसभर तिथेच खेळते. इन्सर्टची काच तरी किती तापते?

श्रीरंगदादा: भाजेल इतकी. स्नेहा, इन्सर्ट घ्या नाहीतर स्टोव्ह, भिंतीला पक्कं बसणारं लोखंडी कुंपण पहिल्या दिवसापासून लावा, नुसतं उभं केलेलं पोरं ओढून पाडतात

प्रकाशकाका: आता माझं ऐका सगळे. तुम्ही भट्टीबद्दल बोलून राहिले, चिमणीबद्दल कोणी बोलत नाही. अँथ्रसाइटला धूर नाही हीच भीतीची गोष्ट आहे, कार्बन मोनॉक्साइडला वास नाही रंग नाही, लाकडाचा धूर निदान खोकला आणून जागं तरी करतो. दरवर्षी थंडीत बंद खोलीत सिगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या येतातच ना पेपरात. केतन, प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोलीबाहेर मोनॉक्साइडचा अलार्म, धुराचा अलार्म वेगळा. हे लावल्याशिवाय काडी ओढायची नाही

केतन: हो काका, नक्की

श्रीरंगदादा: काका अगदी बरोबर. केतन तुझी चिमणी घराच्या आतून वर जाते का बाहेरच्या भिंतीला लागून आहे? बाहेरची असेल तर थंड राहते आणि ओढ, म्हणजे धूर-वायू वर खेचण्याची ताकद, कमी. इतक्या जुन्या घरात आतल्या मातीच्या नळ्यांना तडे असण्याची शक्यता दाट, काही घरांत नळ्याच नसतात. त्यामुळे आधी चिमणीवाल्याकडून कॅमेरा सोडून तपासून घे. मग इन्सर्टच्या तोंडापासून वरच्या टोकापर्यंत स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे चिमणीच्या आतून सोडायची नळी, आणि त्याचा ग्रेड ३१६टीआय, ३०४ स्वस्त म्हणून गळ्यात मारतील तो घेऊ नको. कोळशात गंधक असतं, उडती राख लायनरला चिकटून राहते आणि उन्हाळ्याच्या दमटपणात त्याचं आम्ल होऊन पत्रा खातं. म्हणून सीझन संपला की त्याच आठवड्यात भट्टी, पाइप, चिमणी सगळं साफ, सप्टेंबरपर्यंत ठेवायचं नाही. लायनरभोवती खाली पत्रा आणि रॉकवूल लावून तोंड बंद करायला सांग, नाहीतर निम्मी ऊब वर जाईल

आई: एवढं सगळं करून पैसे वाचतात का रे?

श्रीरंगदादा: काकू, इथला एक टन अँथ्रसाइट, म्हणजे ९०० किलोच्या आसपास, साधारण १८० गॅलन तेलाइतकी उष्णता देतो. केतनने त्याच्या गावचे दोन्हीचे भाव टाकून गणित करावं. पण लायनर आणि बसवणावळ धरली तर पहिल्या हिवाळ्यात पैसे निघतील असं समजू नका

केतन: आणि राख? रोज काढायची?

श्रीरंगदादा: रोज. दिवसाला १८ किलो जाळलास तर दोन-अडीच किलो राख धर. झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर, लाकडी डेकवर नाही, आत निखारा असेल तर कितीतरी वेळ धगधगत राहतो. पेटवताना राखेचं दार उघडं ठेवतात, तेव्हा समोरून हलायचं नाही, फोन आला म्हणून गेलास आणि दार उघडं राहिलं तर भट्टी लालबुंद होते. नवा कोळसा टाकताना एका कोपऱ्यात लाल निखारे उघडे ठेवायचे म्हणजे वर येणारा वायू लगेच पेटत राहतो, सगळं झाकलंस तर साचून एकदम भडका उडतो, दार आपटतं

प्रकाशकाका: आमच्याकडे बॉयलरवाल्या पोरांना पण हेच सांगावं लागे, वायू साचू द्यायचा नाही

श्रीरंगदादा: अजून एक, हे कोणी सांगत नाही. थर्मोस्टॅट हॉलमध्ये असेल तर इन्सर्टच्या उबेने त्याला वाटेल घर गरम आहे, बॉयलर सुरूच होणार नाही, आणि टोकाच्या खोलीतले रेडिएटरचे पाइप गोठून फुटतील. थर्मोस्टॅट दुसरीकडे हलव. बाहेर १० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर कोळसा पेटवूच नको, चिमणीला ओढ नसते, ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये बॉयलरच चालव

स्नेहा: घराच्या इन्शुरन्सला कळवायला लागेल ना?

श्रीरंगदादा: बसवण्याआधीच, आणि टाउनशिपचं परमिट पण. नंतर कळवलं तर क्लेमच्या वेळी वाद घालतात

केतन: चिमणीवाला शनिवारी येतोय कॅमेरा घेऊन. चिमणी बाहेरच्या भिंतीला आहे, आत्ताच बघितलं. पोकळीची पुढची रुंदी ३६ इंच, मागची २७, उंची २८, खोली २२

श्रीरंगदादा: मागची रुंदी महत्त्वाची, बरेच इन्सर्ट तिथेच अडतात. कॅमेऱ्याचा व्हिडिओ आला की टाक, नळीचं आतलं माप पण घे, सहा इंची लायनर इन्सुलेशनसकट बसतोय का बघू. बाहेरची चिमणी आहे तर इन्सुलेशन लागेलच. तोपर्यंत दुकानदाराला अॅडव्हान्स देऊ नको

स्नेहा: नाही देणार. अलार्म मी आत्ताच मागवते, वर दोन, खाली एक आणि तळघरात एक