दुसरी प्रिलिम घ्यावी का? (सोसायटी ग्रुप, राजारामपुरी)

बी-२०३ : शाळा दहावीची प्रिलिम परत घेणार म्हणे. त्यात क्लासची टेस्ट सिरीज चालूच. पोरांनी नुसते पेपरच द्यायचे, मग अभ्यास कधी करायचा?

ए-३०२ (गणिताचे सर) : ताई, आधी पहिल्या प्रिलिमचे तपासलेले पेपर हातात पडलेत का ते विचारा. नसतील तर दुसरी घेऊन उपयोग नाही, त्याच चुका परत होणार. पेपर आठ दिवसांत मिळावेत. मग गेलेल्या प्रत्येक मार्काशेजारी पोरानं कारण लिहायचं: आलं नाही, वेळ पुरला नाही, की प्रश्नच नीट वाचला नाही. तिन्हींवर उपाय वेगळे.

बीजगणिताचं बघा की. ४० मार्क, २ तास, म्हणजे मार्काला ३ मिनिटं. पहिला प्रश्न ८ मार्कांचा, तो २० मिनिटांत उरकायला हवा. मुलं अडकतात चौथ्यात. ४-४ मार्कांची तीनपैकी दोनच गणितं सोडवायची असतात. मुलं तिन्हींना हात घालतात आणि पाचव्याचे ३ मार्क कोरे राहतात. कृतीच्या प्रश्नात (रिकाम्या चौकटी भरायच्या असतात तो) ‘पूर्ण करून लिहा’ म्हटलेलं असतं, तरी नुसते चौकटीतले आकडे लिहून मोकळी होतात. बोर्ड शेवटी १० मिनिटं जादा देतं, ती पेपर परत वाचायला ठेवायची, सोडवायला नव्हे. क्लासची टेस्ट एकदोन धड्यांवर असते, तिथं हे हिशेब उघडे पडत नाहीत.

सी-१०१ : आणि बारावीच्या नीटवाल्यांनी (मेडिकलची प्रवेश परीक्षा) काय करायचं?

सी-४०४ (ज्युनिअर कॉलेज, बायोलॉजी) : बोर्डाचे पेपर संपले की आठवड्याला दोन पूर्ण पेपर, तेही दुपारी २ ते ५. खऱ्या परीक्षेची वेळ तीच, आणि जेवणानंतर डोळे मिटायला लागतात तेही तेव्हाच. १८० प्रश्न, १८० मिनिटं. बायोलॉजीचे ९० प्रश्न ५० मिनिटांत झाले तरच फिजिक्सला श्वास मिळतो. मनगटी घड्याळ काढून बसवा, नीटला ते चालत नाही.

ओएमआरचे, म्हणजे उत्तराच्या शीटवरचे, गोल शेवटी एकदम भरायचे नाहीत, पान संपलं की त्या पानाचे भरायचे. ४७ वा सोडला आणि ४८ व्याचं उत्तर ४७ च्या ओळीत गेलं की खालचं सगळं सरकतं. बरोबरला ४, चुकीला वजा १. म्हणजे सरकलेल्या एकेका बरोबर उत्तरामागे बहुतेक वेळा ५ मार्कांचा फटका. आठवड्याला तिसरा पेपर मात्र नको. चुका काढायलाही तीन तास लागतात.

बी-२०३ : पण शाळा मुद्दाम अवघड पेपर काढते, पोरं खचतात त्याचं काय?

ए-३०२ : असा मुद्दाम अवघड पेपर काढणं साफ चूक आहे. पेपर बोर्डाच्याच तोलाचा हवा, नाहीतर वेळेचा अंदाज पार बिघडतो. मार्क वर्गात वाचून दाखवायचे नाहीत, हेही पालकसभेत ठणकावून सांगा.

बी-२०३ : मग अर्ज मीच लिहिते. पेपर परत द्यायची तारीख वेळापत्रकातच छापा, हा पहिला मुद्दा.