मकतबमधलं शिक्षण आणि पोरांचा मोबाईल: तुमचे अनुभव लिहा

संध्याकाळी मकतबला, म्हणजे कुराण आणि धर्म शिकवणाऱ्या वर्गाला, जाणारी आपली मुलं रात्री इन्स्टावर असतात. तिथे शिकलेलं फोनवर उतरतं का? घरात, वर्गात जे घडलं ते लिहा.

कुर्ला, नववीतल्या मुलीची आई:
आमच्याकडे आपा मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर, मुलींना शिकवतात. कुराणातली सूरह (अध्याय) हुजुरात चालू होती आणि तेव्हाच एका मुलीच्या अर्धवट मिटलेल्या डोळ्यांच्या फोटोचं स्टिकर ग्रुपवर फिरत होतं. आपांनी ११वी आयत (वचन) घेतली, एकमेकांची टिंगल करू नका, वाईट नावं ठेवू नका, मग १२वी, गीबत (पाठीमागे निंदा) म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं. मग सरळ विचारलं, जिचं स्टिकर आहे ती ग्रुपमध्ये आहे का? नव्हती. सगळ्या गप्प. माझ्या मुलीने घरी येऊन स्टिकर डिलीट केलं आणि ग्रुपवर लिहिलं की प्लीज सगळ्यांनी काढा, तर दोघीतिघींनी तिलाच मौलवीणबाई म्हणून चिडवलं, खूप रडली पण मेसेज मागे घेतला नाही, मला फार अभिमान वाटला तिचा.

जोगेश्वरी, मकतबमध्ये शिकवतो:
फोन हराम म्हटलं की पोरं लपवून वापरतात. मी त्याच सूरहची ६वी आयत घेतो, खबर आली तर आधी खात्री करा, आणि पोरांना घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे फॉरवर्ड आणायला लावतो. "ही हदीस दहा जणांना पाठवा" हमखास असतं, हदीस म्हणजे पैगंबरांचं वचन. कुठली किताब, नंबर काय विचारलं की कुणालाच माहीत नसतं. दोन बाणांची खूण म्हणजे मेसेज खूप फिरलाय, २०२०पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो, हेही सांगतो. ऐकलेलं सगळं पुढे सांगत सुटणं माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे, ही हदीस सहीह मुस्लिम या हदीससंग्रहाच्या मुकद्दम्यात (प्रस्तावनेत) आहे, ती पाठच करून घेतो.

माहीम, अकरावी:
अर्ध्या मिनिटाच्या रीलवरून हराम-हलाल ठरवणं मी बंद केलं. सेव्ह करते, उस्तादांना विचारते.

भायखळा, वडील:
मुलाने मलाच विचारलं, अब्बा, १२व्या आयतीत दुसऱ्याच्या पाळतीवर राहू नका असंपण आहे, मग तुम्ही माझा फोन गुपचूप का बघता? प्रश्न रास्त होता. मौलानांशी बोललो, ते म्हणाले लहान मुलावर लक्ष ठेवणं तुमची जबाबदारीच आहे, पण त्याला सांगून ठेवा. आता अकाउंट प्रायव्हेट, अनोळखी मेसेज आला तर आधी मला दाखवायचा, आणि इशानंतर, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर, सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, माझापण. पासवर्ड मात्र त्याने अजून दिलेला नाही, त्यावर बोलणं चालू आहे.