इजिप्तची मंदिरे पाहताना खासगी मार्गदर्शक घ्यावा का?

मंजिरी_पुणे :
येत्या जानेवारीत आई-बाबांना घेऊन लक्झर आणि अस्वान येथे जाण्याचे ठरले आहे. निवृत्तीनंतर बाबांनी इजिप्तच्या इतिहासाचे बरेच वाचन केले असून त्यांना मंदिरांच्या भिंती नुसत्या पाहायच्या नाहीत, तर समजून घ्यायच्या आहेत. मोठ्या गटाबरोबर गेल्यास सगळीकडे घाई होईल अशी धास्ती वाटते. पण केवळ आमच्यापुरता जाणकार मार्गदर्शक ठरवला, तर खर्च बराच वाढतो. हा खर्च सार्थकी लागतो का, आणि निवड करताना काय पाहावे? आईचे गुडघे दुखतात, हेही लक्षात घेऊन कृपया सांगावे.

शिलालेख :
लक्झरच्या कर्नाक मंदिरासाठी तरी मार्गदर्शक अवश्य घ्या. तेथील स्तंभमंडपात १३४ खांब आहेत आणि मधल्या रांगांतले १२ सुमारे २१ मीटर उंच आहेत, त्यामुळे एकटा गेलेला माणूस मान वर करून थक्क होतो आणि पुढे निघतो. आमच्या मार्गदर्शक बाईंनी आम्हाला खांबांआधी मंडपाच्या उत्तरेकडील भिंतीपाशी नेले आणि शिल्पांच्या कडा निरखायला सांगितल्या. पहिला सेती या राजाच्या काळातील त्या आकृती दगडातून हलकेच वर उठलेल्या आहेत. दक्षिण भागात मात्र त्याचा मुलगा दुसरा रामसेस याच्या काळातील बहुतेक आकृती दगडात आत कोरलेल्या आहेत. आत कोरताना भोवतीचा सगळा दगड उतरवावा लागत नाही, म्हणून काम लवकर उरकते. एवढे एकदा कळले की बाबा पुढच्या भिंतींवर हा फरक स्वतःच शोधू लागतील. पहिल्या महाद्वाराच्या आतल्या अंगाला कच्च्या विटांचा एक मोठा ढिगाराही त्यांना दाखवायला सांगा. दगड वर चढवण्यासाठी रचलेल्या उताराचा तो अवशेष आहे आणि महाद्वार अपुरेच राहिल्यामुळे तो कोणी काढला नाही. बहुतेक पर्यटक त्याला मातीचा ढीग समजून शेजारून निघून जातात, याचे मला फार वाईट वाटते.

नदीकाठ :
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु सगळीकडे मार्गदर्शकाची सारखी गरज नसते. लक्झर आणि अस्वान यांच्यामधल्या एडफू गावातले होरस या देवाचे मंदिर इ. स. पू. २३७ मध्ये सुरू होऊन इ. स. पू. ५७ मध्ये पुरे झाले आणि ते छतासह इतके शाबूत आहे की त्याची रचना चालता चालता आपोआप उलगडते. आत जावे तसतसे छत खाली येते, जमीन किंचित चढते आणि उजेड कमी होतो. सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना ते लगेच जाणवते. गाभाऱ्यातील काळ्या दगडाचा देव्हारा दुसरा नेक्तानेबो या राजाच्या काळचा, म्हणजे आजच्या मंदिराहूनही जुना आहे, एवढे माहीत असले तरी पुरे. याउलट लक्झरजवळच्या मेदिनेत हबू मंदिरात जाणकार हवाच, कारण तिसरा रामसेस हा राजा आणि समुद्रमार्गे इजिप्तवर चालून आलेले ‘समुद्री लोक’ यांच्यातील लढाईचे दृश्य एवढे दाटीवाटीचे आहे की कोणत्या बाजूची माणसे कोणती, हेच आधी कोणीतरी दाखवावे लागते.

आईंसाठी एक सूचना. फिली बेटावरचे मंदिर धरणाच्या पाण्यामुळे शेजारच्या अगिल्किया बेटावर हलवलेले असून तेथे बोटीनेच जावे लागते. चढता-उतरताना हात द्यायला कोणी असेल, असे पाहावे.

वाटाड्या :
निवडीबाबत थोडे लिहितो. मार्गदर्शकाकडे पर्यटन मंत्रालयाचा परवाना आहे ना, हे आधी विचारावे. त्यानंतर त्याला एखादा नेमका प्रश्न लिहून पाठवावा, उदाहरणार्थ, लक्झरजवळ देर अल-बहरी येथील हात्शेप्सुत या स्त्री-फॅरोच्या (राजाच्या) मंदिरात तिच्या प्रतिमा कोणी व का खरवडल्या. जो तिचा सावत्र मुलगा व नंतरचा राजा तिसरा थुतमोस याचे नाव घेऊन, हे काम त्याच्या कारकिर्दीत बऱ्याच उशिरा झाले आणि म्हणून केवळ सूडाची कथा पटत नाही असे सांगेल, त्याला घ्यावे. जो फक्त सावत्र मुलाच्या रागाची गोष्ट रंगवेल, त्याला घेऊ नये. पपायरस, अत्तर आणि अलाबास्टरच्या दुकानांत नेऊ नये, हे दर ठरवतानाच लेखी कळवावे, कारण तेथील खरेदीवर अनेकांना दलाली मिळते आणि सकाळचा थंड वेळ तिकडेच जातो.

आणखी एक गोष्ट बाबांना आधीच सांगून ठेवा. लक्झरजवळच्या ‘राजांच्या दरी’तील राजांच्या थडग्यांत आणि अस्वानच्या दक्षिणेकडील अबू सिम्बेलच्या मंदिरांत मार्गदर्शकाला आत व्याख्यान देण्याची परवानगी नसते. तो बाहेरच छायाचित्रे दाखवून समजावतो आणि मग आपण आत जातो. त्यामुळे प्रवेशद्वारापाशी घाई करू नये, टिपणे तेथेच घ्यावीत आणि शंकाही तेथेच विचाराव्यात.